आधी टेप, मग सुई

गेल्या पावसाळ्यात निपाणीजवळच्या एका खेड्यातला मुलगा माझ्या लॅबच्या काउंटरवर दोन कागद ठेवून उभा राहिला. आईचा उजवा पाय चार दिवस सुजलेला. आई ६७ वर्षांची. ती कोल्हापुरात लेकीकडे होती, तिथं कुणीतरी ‘डी-डायमर करून घ्या’ म्हणालं म्हणून ती गुठळीच्या संशयाची रक्तचाचणी केली, आकडा आला ३००. दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलाने तिला बेळगावला नेलं, तिथं परत केली, आकडा ६१०. दोन्ही आकड्यांपुढे चांदणी, दोन्ही ठळक अक्षरात. ‘‘सर, एका रात्रीत डबल झालंय. आता ॲडमिट करायचं का?’’

मी कागद उजेडात धरले. कोल्हापूरच्या कागदावर आकड्यापुढे बारीक अक्षरात डीडीयू असं एकक आणि २५० ही मर्यादा होती. बेळगावच्या कागदावर एफईयू आणि ५००. एकाच वस्तूची ही दोन मापं आहेत, एफईयूतला आकडा साधारण दुप्पट येतो. लॅबने कोणत्या कंपनीचं मशीन घेतलंय त्यावर कागदावर कोणतं माप छापायचं ते ठरतं. रक्त जवळपास तेच होतं, बदललं होतं ते माप. दोन्ही लॅबचं तसं काहीच चुकलं नव्हतं, फक्त त्या पोराला हे सांगायची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

आणखी एक गंमत. हा आकडा वयाबरोबर आपसूक वाढत जातो. म्हणून पन्नाशीनंतर एफईयूची मर्यादा वय गुणिले दहा धरायची, असा नियम आता डॉक्टर मंडळी वापरतात. म्हणजे या बाईंची मर्यादा ६७०. आकडा ६१०. कागदावर वय छापलेलं होतं, पण मर्यादा मात्र विशीच्या पोराला आणि सत्तरीच्या आजीला एकच.

मी डॉक्टर नाही. त्यांना गावातल्या फिजिशियनकडे पाठवलं. डॉक्टरांनी आधी कागद बाजूला ठेवले, सात-आठ प्रश्न विचारले, पाय दाबून पाहिला आणि टेबलाच्या खणातून शिंप्याची टेप काढली. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जो उंचवटा असतो तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. फरक एक सेंटिमीटरचा. मग कागद पाहिले. झिजलेल्या गुडघ्यामागे पाण्याची पिशवी होते, ती फुटून पोटरीत उतरली होती. गुठळीचा संशय खोलीतल्या खोलीत निकालात निघाला. तोवर दोन शहरं, तीन दिवस आणि गाडीभाड्यासकट तीन-साडेतीन हजार रुपये गेले होते.

हे सांगतोय तो माणूस चाचण्यांवर पोट भरणारा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. सत्तावीस वर्षं मी लॅब चालवतो. माझ्याकडे जितक्या सुया टोचल्या जातील तितका माझा धंदा. तरी मला जे म्हणायचंय ते असं : गुठळीचा धोका पाहणारी ही झटपट चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असायला हवी, आणि ती लवकर यायला हवी. पण ती प्रश्नांच्या मागून यावी. आणि ते प्रश्न माणसाला कळतील अशा भाषेत विचारले जावेत. आमच्या या पट्ट्यात दुसरी अट पहिलीहून अवघड आहे.

आधी चाचणी म्हणजे काय ते उरकून घेतो. रक्त गोठतं तेव्हा फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. काम झालं की शरीर स्वतःच ते जाळं कातरतं. त्या कातरणातून जे तुकडे रक्तात येतात त्यांतला एक म्हणजे डी-डायमर. शिंप्याच्या दुकानात गेलात आणि टेबलाखाली एक चिंधी दिसली नाही, तर आज इथं कापड बेतलेलं नाही हे खात्रीने सांगता येतं. चिंध्यांचा ढीग दिसला तर काहीतरी बेतलंय एवढंच कळतं. ते परकर होतं की पडदा, हे चिंधीवरून ओळखायला जाऊ नये. ऑपरेशन झालेला माणूस, गरोदर बाई, न्यूमोनिया झालेला, कर्करोगाचा रुग्ण, हाड मोडलेला, नुसतं वय झालेला, या सगळ्यांच्या टेबलाखाली चिंध्या असतातच.

म्हणून ही ‘नाही’ म्हणणारी चाचणी आहे. ‘हो’ म्हणण्याचं तिला काही कळत नाही. आणि ‘नाही’सुद्धा तिने कुणाला म्हणावं हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी फिलिप वेल्स या कॅनडातल्या डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांचा तक्ता आहे. गेल्या तीन महिन्यांत मोठं ऑपरेशन झालंय का, तीन दिवस किंवा जास्त अंथरुणाला खिळून होता का, पायाला प्लास्टर आहे का, कर्करोगाचे उपचार चालू आहेत का, आधी कधी पायात गुठळी झाली होती का, आख्खा पाय सुजलाय का, पोटरीत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक आहे का, असे एकूण दहा मुद्दे. दुसरंच काही कारण तितकंच शक्य दिसत असेल तर दोन गुण वजा. बेरीज दोनाच्या खाली राहिली आणि चांगल्या प्रतीच्या डी-डायमर चाचणीचा निकाल मर्यादेत आला, तर पुढच्या तीन महिन्यांत त्या माणसाच्या पायात गुठळी सापडण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. अशा माणसाला डॉपलरसाठी, म्हणजे शिरांतलं रक्त वाहताना दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी, शहरात धाडायचं कारण नाही. बेरीज दोन किंवा वर गेली, तर डी-डायमर करत बसण्यात अर्थ नाही. थेट डॉपलर.

म्हणजे गुण आधी, रक्त नंतर. उलटं केलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी २०२१ साली पाहिलं आहे.

त्या वर्षी कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय आत घेत नव्हते आणि आमच्याकडे घराघरात डी-डायमरचा कागद होता. करोनाच्या गंभीर रुग्णांत गुठळ्या होत होत्या हे खरं, आणि भरती झालेल्यांत हा आकडा पाहण्याला अर्थ होता. पण घरात बसून खोकणारी धडधाकट पोरंही रांगेत उभी राहिली. गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक आपापला आकडा टाकत, दहावीच्या निकालासारखा. सहाशे-सातशे आलं की कुणीतरी रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं नाव सांगायचं आणि मेडिकलमधून त्या मिळायच्याही. मी त्या काळात रोज निळ्या टोपीच्या नळ्यांचे गठ्ठे चालवले. नाही म्हणालो नाही. त्या मे महिन्यात लॅबने जेवढं मिळवलं तेवढं आधी कधी मिळवलं नव्हतं, आणि त्यातल्या किती चाचण्यांच्या आधी कुणी काही प्रश्न विचारला होता, हे मला विचारू नका.

आता ज्या कुणाला वाटत असेल की झटपट चाचणी म्हणजे शहरी फॅशन, त्यांनी एकदा खानापूर तालुक्यात जाऊन यावं. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला घोणस आणि फुरसं चावलेला माणूस दवाखान्यात आला की पहिली चाचणी कोणती होते? काचेची स्वच्छ, कोरडी नळी घेतात. शिरेतून काढलेलं दोन मिलिलिटर ताजं रक्त तिच्यात सोडतात. ती नळी वीस मिनिटं हलवायची नाही. मग एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे, प्रतिविष सुरू करा. यात मशीन नाही, वीज नाही, कंपनी नाही. सर्पदंशाच्या राष्ट्रीय उपचार-मार्गदर्शनात ही चाचणी आहे आणि खेड्यातल्या नर्सला ती येते.

पण हिचेही नखरे आहेत. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकची नळी घेतली की धड रक्तही गोठायला उशीर लावतं. साबणाने धुतलेली नळी घेतली, तर आतला साबणाचा थर तेच करतो आणि ज्याला विष चढलेलंच नाही त्याला प्रतिविष टोचलं जातं, ज्याची रिॲक्शन स्वतःच जीवघेणी होऊ शकते. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला नातेवाईक ‘बगा की हो एकदा’ म्हणून मागे लागले तरी हात लावायचा नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या सरांनी मला त्या नळीपुढे मनगटी घड्याळ ठेवून बसवलं होतं. फुकटातली चाचणी इतकी शिस्त मागते, तर मशीनमध्ये घालायच्या काही शे रुपयांच्या कार्ट्रिजची चाचणी कमी शिस्तीत बरोबर निघेल, असं समजायला काही आधार नाही. निळ्या टोपीच्या नळीत आधीच रक्त गोठू न देणारं सायट्रेट भरलेलं असतं, त्याच्या एका भागाला नऊ भाग रक्त पडलं पाहिजे. खुणेपर्यंत नळी भरली नाही तर सायट्रेटचं प्रमाण चढतं आणि निकाल चुकतो. आजीची शीर सापडत नाही म्हणून अर्धीच नळी भरून पाठवणारे नमुने मला आठवड्याला दोन तरी येतात. मी परत पाठवतो, लोक चिडतात.

आता प्रश्न असा की चाचणी इथंच का हवी. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, कोल्हापूर त्याच्या निम्म्याने. चिकोडी-रायबागची माणसं मिरजेला जातात. वानलेस साहेबांनी १८९४ साली तिथं मिशन दवाखाना काढला तेव्हापासूनची ही सवय आहे. पाय सुजलेल्या माणसाला डॉपलर करायची तर रेडिओलॉजिस्ट हवा, आणि तो तालुक्याला रोज नसतो. कुणी म्हणेल, लहानसं सोनोग्राफी मशीन गाडीत घालून गावोगाव न्या की. ते तसं सहज नेता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्याने, नोंदलेल्या फिरत्या दवाखान्याचा अपवाद सोडला तर, मशीन नोंदलेल्या जागेला बांधलेलं आहे. आणि २०१७ साली सीमेवरच्याच म्हैसाळात ओढ्याकाठी पुरलेली भ्रूणं सापडली, त्यानंतर हा कायदा इथं सैल करा असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. तेव्हा मशीन सहसा रुग्णाकडे येणार नाही, रुग्णालाच जावं लागणार. मग निदान ज्याला जायची गरज नाही त्याला आम्ही इथूनच घरी पाठवू शकलो पाहिजे. आणि ज्याला खरंच जायचंय त्याला चार दिवस वात समजून तेल चोळत बसू न देता त्याच दुपारी गाडीत घालता आलं पाहिजे.

तेल चोळण्याचं हे सहज लिहून गेलो, पण थांबायला हवं. आमच्याकडे पाय सुजला, पोटरी ठणकली की ‘शीर धरली’ किंवा ‘वात आला’. मग निरगुडीचा पाला, गरम विटेचा शेक, आणि चोळणं. पोटरीतल्या खोल शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ येणं, कधी उभ्या उभ्या कोसळणं. गावात अशा मरणाला ‘अटॅक आला’ म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. आपल्याकडच्या लोकांना हा आजार फारसा होत नाही, असं डॉक्टरांतही फार वर्षं मानलं जात होतं. न शोधलेली गोष्ट सापडत नाही, यात नवल काय.

भाषेचं बोलायचं म्हटलं की सीमाभागात लोकांचे कान लगेच टवकारतात. मला फलकांचं, मोर्चांचं काही म्हणायचं नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझा मुद्दा दवाखान्याच्या बाकड्यावरचा आहे. मशीनमध्ये घालायच्या कार्ट्रिजला कन्नड-मराठी कळत नाही आणि लागतही नाही. त्याआधीच्या दहा मुद्द्यांना मात्र भाषा लागते, कारण त्यांतले निम्मे रुग्णाच्या तोंडूनच यायचे असतात.

एका आरोग्य केंद्रातला प्रसंग माझ्यासमोरचा आहे. नवीन सिस्टर, दक्षिणेकडच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या, मनाने फार चांगल्या. समोर साठीची बाई. सिस्टरनी पायाकडे बोट करून विचारलं, ‘‘कालु?’’ कन्नडमध्ये कालु म्हणजे पाय. बाई म्हणाल्या, ‘‘काल न्हवं ओ, चार दिस झालं.’’ सिस्टरनी मान डोलावली आणि पुढे गेल्या. दोघींनाही वाटलं बोलणं झालं. आजूबाजूचे हसले, मीही हसलो. पण त्या बाई तीन आठवड्यांपूर्वी गर्भाशयाचं ऑपरेशन होऊन घरी आल्या होत्या, आणि ते कुठेच लिहिलं गेलं नाही. तक्त्यातला एक पूर्ण गुण त्या हसण्यात गेला. पुढे आशाताईंनी ते सांगितलं म्हणून बरं. आशाताईंना दोन्ही भाषा येतात, बाजारातल्या कुणालाही येतात. सरकारी कागदालाच तेवढी एक येते.

शब्द कळला तरी अर्थ कळतोच असं नाही. ‘पायात गाठ आहे’ असं डॉक्टर म्हणाले की आमच्याकडचा माणूस कर्करोग ऐकतो. गुठळी म्हटलं की सुटतो, कारण गुठळी पिठल्यात होते, ती मोडता येते. ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हटलं की बायका गोळी बंद करतात, कारण रक्त पातळ म्हणजे अशक्तपणा. आधीच हिमोग्लोबिन नऊ, त्यात आणखी पातळ कशाला? त्यांचं तर्कशास्त्र अगदी पक्कं आहे, आमचा शब्द कच्चा आहे.

बिडी वळणाऱ्या बायकांचं उदाहरण घ्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, पाय दुमडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यांना ‘पाय सुजतात का’ विचारलं तर सगळ्याच हो म्हणतील, संध्याकाळी सगळ्यांचेच सुजतात. विचारायचं असतं ते ‘एकच सुजतो की दोन्ही?’ दोन्ही सुजले तर हृदय, मूत्रपिंड, रक्त कमी असणं, अशी वेगळी वाट. एकच सुजला, तोही अचानक, तर ही वाट. एवढा एक प्रश्न नीट विचारला तरी माझ्या लॅबमधल्या निम्म्या डी-डायमर चाचण्या वाचतील, आणि माझं नुकसान होईल, होऊ दे.

आणि बाळंतीण. तिचं वेगळं सांगायला हवं, कारण तिच्या बाबतीत ही चाचणी दिशाभूल करते. गरोदरपणात डी-डायमर चढत जातो आणि बाळंतपणानंतर उतरायला आठवडे घेतो, त्यामुळे तिचा आकडा वर आला तर त्यावरून काहीच ठरत नाही. उलट गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतच सर्वांत जास्त, सिझेरियन झालं असेल तर आणखी. आणि आपण काय करतो? सव्वा महिना खाटेवर, खाटेखाली शेगडी, खिडकी बंद, कानाला फडकं, आणि पाणी मोजून, कारण पाणी प्यायलं की पोट सुटतं. हालचाल नाही, वर अंगातलं पाणी कमी. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरांत गुठळी होण्याचे रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी पूर्वीपासून पाहिले आहेत, आणि शरीरातलं पाणी कमी होणं हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. माझ्या आईने माझ्या बायकोला असंच ठेवलं होतं. मी लॅबवाला, मला काही कळत नव्हतं असं नाही, पण आईपुढे बोललो नाही. अशा बाईचा एक पाय सुजला, किंवा डोकं असह्य दुखून झटका आला, तर तिला सुई टोचून कागदाची वाट पाहू नये, थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं. हे वाक्य चाचणीच्या पेटीवर दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरात छापलेलं असावं, असं माझं मत आहे.

चाचणीला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. ते म्हणतात, तालुक्याला मशीन दिलं की डॉक्टर प्रश्न विचारणं सोडून देतील, आल्या-गेल्याची चाचणी होईल, निम्म्यांची ‘पॉझिटिव्ह’ येईल आणि बेळगावच्या डॉपलरपुढची रांग कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. हे होऊ शकतं. खासगीत हे झालंच आहे. माझ्याकडे मशीनवाल्या कंपन्यांचे एजंट येतात. मशीन फुकट देतात, कार्ट्रिज मात्र त्यांचीच घ्यायची आणि महिन्याला अमुक इतकी संपवायची असा करार. कार्ट्रिजला मुदत असते. महिनाअखेरीला मुदत संपत आलेला डबा समोर दिसतो आणि दारात थकवा आलाय म्हणून चाचण्या करायला आलेला माणूस दिसतो. मग ‘पॅकेज’ निघतं : साखर, थायरॉइड, जीवनसत्त्व आणि वर ‘गुठळीचा धोका’. मी दोन वर्षांपूर्वी माझ्या पॅकेजमधून डी-डायमर काढली. हे शौर्य म्हणून सांगत नाही, काढायला मला तीन वर्षं लागली.

पण मशीन न देणं हा त्यावरचा इलाज नाही. हिवतापाचं झटपट किट आशाताईंच्या पिशवीत दिलं तेव्हाही हेच म्हटलं होतं. कागद आधी भरल्याशिवाय कार्ट्रिज हातात मिळणार नाही, एवढी साधी अडचण करून ठेवायची. गुणांची बेरीज लिहिलेली नसेल तर नमुना घ्यायचाच नाही. रक्तपेढी रक्तगट लिहिल्याशिवाय पिशवी देत नाही, तसं. आणि कागदावर एकक एकच छापायचं, वयाची मर्यादा मशीननेच गुणून द्यायची.

पैशाचं तर फार विचित्र आहे. सीमाभागातल्या माणसाच्या खिशात आता दोन राज्यांच्या योजना आहेत. कर्नाटकाची आरोग्य कर्नाटक आहेच, आणि २०२३ साली महाराष्ट्राने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकाने हरकत घेतली, वर्तमानपत्रांत मथळे आले, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना उत्तरं दिली. त्या गदारोळात कुणी विचारलं नाही की या योजना मुळात चालतात कधी? मुख्यतः भरती झाल्यावर. जी छोटी चाचणी माणसाला भरतीपासून वाचवते, ती बाह्यरुग्ण म्हणून त्याच्याच खिशातून जाते. दोन राज्यं एका रुग्णासाठी भांडतात आणि पोटरीची चाचणी तो उधारीवर करतो.

आणि जमत नाही असं नाही. अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ साली ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांच्या नावाने कर्नाटकाने हृदयज्योती योजना काढली. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढतात, तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाला दिसतो, आणि झटका असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथंच मोफत देतात. तारा ओढलेल्या आहेत, तज्ज्ञ पलीकडे बसलेला आहे. त्याच तारेवरून पायाच्या शिरेचे गुण आणि डी-डायमरचा आकडा का जाऊ नये? संशय दाट असेल तर गाडीत घालण्याआधी पोटावर द्यायचं, गुठळी वाढू न देणाऱ्या हेपॅरिनचं इंजेक्शन तालुक्यालाच का मिळू नये, तिकडच्या तज्ज्ञाला विचारून? हृदयातली गुठळी राज्याला दिसली, पोटरीतली अजून दिसायची आहे.

जाता जाता झडप बदललेल्यांचं. संधिवाताच्या तापाने झडप गेलेली, कृत्रिम झडप बसवलेली पोरं-पोरी आमच्या खेड्यांतून आहेत. त्यांना जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि दर महिन्या-दोन महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ घेतं ते पाहणारी चाचणी. बोटाच्या टोकाच्या एका थेंबावर ती पाहणारी छोटी मशीन आता मिळतात. तालुक्याला एक पुरे. आज ही पोरं एका आकड्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठतात, आणि मग दोन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी गाठतात. यावर वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

गेल्या महिन्यात मी आणि आमच्या गल्लीतल्या निवृत्त कन्नड शिक्षिकांनी मिळून एक पान तयार केलं. डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी, दहा मुद्दे, खाली गुणांची चौकट आणि पोटरीचं चित्र, टेप कुठे धरायची ते दाखवणारं. गुठळीपाशी आम्ही अडलो. कन्नडमध्ये रक्त गोठण्याला ‘हेप्पुगट्टु’ म्हणतात असं त्या म्हणाल्या. हेप्पु म्हणजे? ‘‘तुम्ही दुधाला लावता ते.’’ विरजण! मग मराठी बाजूलाही मी गुठळीच्या पुढे लिहिलं : शिरेत रक्ताला विरजण लागल्यासारखं होणं. घरकामाला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘मग चोळाय नको, फुटंल की.’’

पान तालुक्याच्या डॉक्टरांकडे दिलंय. ते म्हणाले वर पाठवतो. टेप मी माझ्या काउंटरच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे, दीडशे सेंटिमीटरची, निपाणीच्या बाजारात वीस रुपयाला मिळाली.